घोड्याची लीद आणि तबेल्यातलं तणस : उकिरड्यावर फेकू नका, त्याचं खत असं करा

किरनापुर (प्रतिनिधी) : नवरदेव घोडीवर बसतो, वरात निघते, फोटो निघतात. रात्री घोडी परत खुंट्याला येते आणि सकाळी घोडीवाला तबेला झाडतो. लीद, मुताने भिजलेलं तणस, पायाखाली तुडवलेला चारा असं सगळं मिळून रोज दोन-तीन घमेली माल निघतो. तो जातो कुठे? बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला, नाहीतर घरामागच्या उकिरड्यावर. पहिल्या पावसात त्यातला अर्धा वाहून नाल्यात आणि नाल्यातून पुढे नदीत. उरलेला अर्धा, कोणी मागितलाच तर, कच्चाच बांधीत पडतो.

नाल्यात गेला तर खत वाया जातं आणि पाणी नासतं. कच्चा बांधीत पडला तर धान पिवळं पडतं, तण वाढतं. त्याहून वाईट म्हणजे रोवणीला अनवाणी उतरलेल्या बायांच्या पायाला धोका होतो. याच मालाचं नीट खत केलं तर ते शेणखताच्या तोडीचं होतं. काम अवघड नाही. फक्त ते गाईच्या शेणासारखं करायचं नसतं, एवढं समजून घ्यावं लागतं.

घोडे आता कमी राहिले हे खरं. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून ३.४ लाख भरले, २०१२ पेक्षा ४५.६ टक्क्यांनी कमी. टांगे गेले, बंड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली. पण सीमाभागात घोडं संपलेलं नाही. लग्नाची घोडी आहे. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याचा आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावचा घोडेबाजार दरवर्षी भरतो. माथेरानमध्ये तर गाड्यांना बंदी असल्याने परवानाधारक घोडेच चारशेच्या वर आहेत आणि तिथे रस्त्यावरची वाळलेली लीद धूळ होऊन उडते ही जुनी तक्रार आहे. घोडे कमी झाले म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. एका घोडीचा माल लहान असतो, म्हणून त्याकडे कोणी बघत नाही, एवढंच.

लीद म्हणजे शेण नव्हे

गाय-बैल रवंथ करतात. चारा त्यांच्या चार कप्प्यांच्या पोटात भिजतो, परत तोंडात येतो, पुन्हा दळला जातो. म्हणून शेण बारीक, ओलं आणि चिकट असतं. घोड्याला पोट एकच. त्याच्या चाऱ्यातला काडीचा भाग आंबतो तो मागच्या मोठ्या आतड्यात, आणि तोही अर्धवट. लिदीचा गोळा फोडून बघा, आत गवताची काडी जशीच्या तशी दिसते.

या एका फरकातून बाकी सगळं निघतं. लीद मोकळी असते, तिच्यात हवा खेळते, म्हणून ढीग लावला की ती लवकर तापते. जुनी माणसं तिला गरम खत म्हणतात ते उगाच नाही. ती शेणापेक्षा कोरडीही असते, म्हणून उन्हाळ्यात पटकन वाळते आणि वाळली की कुजणं थांबतं. आणि चारा नीट न दळल्यामुळे गवताचं बी तिच्यातून बरंचसं जिवंत बाहेर पडतं. शेणाची गोवरी थापता येते, नुसत्या लिदीची नीट बसत नाही. सारवायलाही ती तशी चालत नाही. घरात तिचा उपयोग नाही म्हणूनच ती फेकली जाते.

आता हिशोब. कॉमर्सवाल्याला आकड्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. साडेचारशे किलोचं मोठं घोडं दिवसाला साधारण १४ किलो लीद आणि आठ-नऊ लिटर मूत्र टाकतं. आपल्याकडची घोडी त्याहून लहान असते, तिची लीद १० किलो धरू. त्यात रोज बदललेलं तणस ५ किलो. झाले १५ किलो. वर्षाचे साडेपाच टन. तीन घोड्या असतील तर सोळा टनांच्या वर. कुजून वजन निम्म्यावर येतं, म्हणजे एका घोडीमागे अडीच ते पावणेतीन टन तयार खत.

या साडेपाच टनांत नत्र किती? कच्च्या मालात अर्धा टक्का धरला तर २७ किलोच्या आसपास. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं आणि गोणी मिळते २६६ रुपये ५० पैशांना. म्हणजे नुसतं नत्र मोजलं तर वर्षभराच्या लिदीची किंमत सव्वा गोणी युरिया, साडेतीनशे रुपये. त्यातलंही थोडंसंच पहिल्या वर्षी पिकाला लागतं. जो कोणी सांगतो की लिदीच्या खताने युरिया बंद करता येतो, त्याने हा हिशोब केलेला नाही.

मग मेहनत कशाला? कारण युरियाच्या गोणीत माती धरून ठेवणारं काहीच नसतं. धानाच्या बांधीत वर्षानुवर्षं चिखलणी होते, माती दाबली जाते, रब्बीत तीच बांधी ढेकूळ होऊन बसते. तिला लागतो काडीकचऱ्याचा कुजलेला काळा अंश. शिवाय स्फुरद, पालाश आणि गोणीत न मिळणारी सूक्ष्म द्रव्यंही त्यात येतात. तणसात तर पालाश बरंच असतं. धान कापून तणस विकलं किंवा जाळलं की ते शेतातून गेलं ते गेलंच.

खालचं अंथरूण काय, त्यावर खत ठरतं

घोडीवाल्यांना आणि शेतकऱ्यांनाही ही गोष्ट नवी वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. खत चांगलं होणार की नाही, हे लिदीपेक्षा तबेल्यात खाली काय पसरलं होतं त्यावर जास्त ठरतं.

कुजवण्याचं काम करणारे जिवाणू कर्ब खातात आणि त्याबरोबर त्यांना नत्र लागतं. पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असलं की काम झपाट्याने होतं. लीद एकटी असेल तर ती या मापाच्या आसपास असते. धानाच्या तणसात एका भाग नत्रामागे साठ-ऐंशी भाग कर्ब असतो. लाकडाच्या भुशात दोनशे ते पाचशे. म्हणजे लीद आणि तणस मिसळलं, त्यावर मूत्र पडलं, तर गाडी रुळावर राहते. लीद आणि भुसा मिसळला आणि भुसा जास्त झाला, तर गाडी घसरते.

आपल्या बाजूला आरा मशीनचा भुसा स्वस्तात मिळतो, ओल चांगली शोषतो, तबेला कोरडा दिसतो. घोडीला तो सोयीचा आहे, वाद नाही. पण भुसा जास्त असलेला माल कच्चाच शेतात टाकला तर तो जमिनीतलंच नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. शेतकरी म्हणतो, लिदीने जाळलं. लिदीने नव्हे, भुशाने उपाशी ठेवलं. अशा मालाला सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं. टनामागे चार-पाच किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला, किंवा गोमूत्र, शेणकाला, हिरवं तण, तरोट्याचा पाला मिसळला, तर वेळ कमी होतो. तरोटा बी धरायच्या आधी उपटलेला हवा.

राइस मिलच्या तुसाचंही तसंच. गोंदिया काय आणि बालाघाट काय, दोन्हीकडे मिलची कमी नाही, तूस डोंगरासारखा पडलेला असतो. तो पायाखाली चालतो, पण कुजायला अतिशय हट्टी, कारण त्यात सिलिका भरपूर. तयार खतात तो तसाच पिवळा दिसत राहतो. माती भुसभुशीत करायला बरा, पण त्याच्यापासून खताची अपेक्षा ठेवू नये.

माझं मत विचाराल तर धानाच्या पट्ट्यात तणसासारखं दुसरं अंथरूण नाही. घरचं असतं, आणि जनावराने खाल्लं तरी विशेष बिघडत नाही. मात्र उपाशी घोडी खालचं तणस अधाशासारखी खात सुटली तर पोटात गच्च बसून शूळ उठू शकतो, म्हणून आधी पुढ्यात चारा टाकून मग अंथरूण पसरावं. तणस लांब असेल तर कोयत्याने वीतभर तुकडे करून घ्यावेत. लांब काडीचा ढीग उलथताना फावडं अडकतं आणि माणूस वैतागून काम सोडतो.

आणखी एक. सकाळी सगळंच उचलून फेकायची गरज नसते. लिदीचे गोळे आणि भिजलेला भाग काढायचा, कोरडं तणस बाजूला सरकवून परत पसरायचं. यात तणस वाचतं आणि ढिगात लिदीचं प्रमाणही योग्य राहतं.

इंदूर आणि पुसद

या विषयात आपल्याला बाहेरून काही शिकून आणायची गरज नाही. एक पद्धत आपल्याच राज्यातली आहे, दुसरी सीमेपलीकडच्या विदर्भातली.

इंदूरमध्ये १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. होळकर संस्थानने जागा दिली होती. तिथे हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मुताने भिजलेली माती यांपासून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने इंग्रजीत पुस्तक निघालं. जगात ती इंदूर पद्धत म्हणून गेली. हॉवर्ड यांचं नाव सगळीकडे घेतलं जातं, वाडांचं फारसं कोणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

तबेलेवाल्याने त्यातल्या दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, अंथरूण हे खताचं पहिलं पाऊल मानलं होतं. काडीकचरा आधी बैलांच्या खाली पसरायचा, रात्रभर तो मुताने भिजायचा, तुडवला जायचा, सकाळी खड्ड्यावर जायचा. पऱ्हाटीसारखी कडक काडी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेत. दुसरी, गोठ्याची जमीन मातीची ठेवायची. मूत्र मातीत जिरतं, काही महिन्यांनी ती माती खणून खतात घालायची आणि नवी माती भरायची. मुतातलं नत्र वाया जाऊ नये म्हणून हा खटाटोप. आता घोडीवाले तबेल्याला सिमेंटचा कोबा करतात. धुवायला सोपं पडतं, पण मूत्र नालीने निघून जातं. कोबा असेलच तर नालीच्या तोंडाशी खड्डा करून त्यात कोरडी माती भरावी आणि ती भिजली की ढिगावर टाकावी.

दुसरी पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदची. नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती बसवली आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. विटांचा जाळीदार टाका, आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. त्यात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, शंभर किलोच्या आत शेण, साडेसतराशे किलो कोरडी चाळलेली माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी. थर देत भरायचं, वरून शेणमातीने लिंपायचं, तीन-चार महिने उलथायचं नाही. मध्य प्रदेशात सरकारी योजनांतून गावोगाव असे टाके बांधले गेले. त्यातले कित्येक आज बकऱ्या बांधायला किंवा सरपण ठेवायला वापरात आहेत हा भाग वेगळा.

नाडेप टाका तबेल्याच्या मालाला चालतो का? चालतो, पण एक अडचण आहे. टाका एक-दोन दिवसांत भरून बंद करावा लागतो. एका घोडीचा माल दिवसाला १५ किलो. त्याने टाका भरायला तीन महिने लागतील, तोवर खालचं कुजून बसेल आणि वरचं कच्चं राहील. तीन घोड्या असतील तर महिनाभर साठवून मग भरता येतो. लीद शेणासारखी काल्यात विरघळत नाही, म्हणून विरजणाला गाईचं शेणच घ्यावं. लीद-तणस हा टाक्यातला काडीकचरा समजावा.

साठवा, मग एकदम रचा

लोकांचं सगळ्यात जास्त इथे चुकतं. रोज घमेलंभर माल उकिरड्यावर भिरकावला तर तो पसरतो, वाळतो, पावसात धुपतो, पण तापत नाही. ढीग तापायला त्याच्या पोटात जाडी लागते. निदान तीन-साडेतीन फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच. त्याहून लहान ढीग आतली ऊब धरू शकत नाही.

म्हणून तीन जागा करायच्या. एकीत रोजचा माल साठतो, दुसरीत ढीग शिजतो, तिसरीत तयार खत पडून राहतं. बांधकाम नसलं तरी चालतं, बांबूचे तट्टे पुरतात. जागा उंचवट्यावर, सावलीत, विहिरीपासून आणि बोअरपासून निदान शंभर फूट दूर, आणि नाल्याकडे उतार नसलेली. साठवणीच्या जागेवर ताडपत्री झाकावी. उघडी लीद म्हणजे माशांचं माहेरघर. उन्हाळ्यात घरमाशीचं अंडं ते माशी हे चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं. झाकलेल्या आणि तापलेल्या ढिगात अळ्या टिकत नाहीत.

महिनाभराचा माल जमला की रचायला घ्या. तळाला तुराटी, पऱ्हाटी किंवा जाड काड्यांचा वीतभर थर, म्हणजे खालून हवा येते. त्यावर तबेल्याचा माल फूटभर, पाणी शिंपडून, वर मूठ-मूठ जुनं खत किंवा पातळ शेणकाला. असे थर देत चार फुटांपर्यंत जायचं. रुंदी पाच फूट, लांबी माल असेल तेवढी. तीन घोड्यांच्या महिन्याच्या मालाचा आठ-नऊ फूट लांब ढीग होतो.

पाणी किती, हे मुठीने ठरतं. आतला माल मुठीत दाबला की बोटांच्या फटीत ओल दिसावी, एखादा थेंब यावा. धार लागली तर जास्त झालं. मूठ उघडल्यावर माल भुरभुरला तर कमी. आपल्याकडे मे महिन्यात ढीग जवळजवळ नेहमी कोरडा असतो आणि श्रावणात नेहमी ओला. इंदूरलाही पावसाळ्यात खड्डे सोडून जमिनीवर ढीग लावत. आपणही चार महिने खड्ड्याचा विचार करू नये. वरून ताडपत्री आणि भोवती पाण्याची चरी खणावी.

दोन-तीन दिवसांत ढीग तापतो. थर्मामीटर नसला तरी लोखंडी सळई आत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर आत ५५ अंशांच्या वर गेलं असं समजा. याच तापमानात गवताचं बी, जंताची अंडी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. पण ढिगाच्या बाहेरच्या भागाला ही ऊब मिळत नाही. म्हणून उलथणं आलं. उलथणं म्हणजे खालचं वर नव्हे, तर बाहेरचं आत. आठ-दहा दिवसांनी पहिल्यांदा, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. दरवेळी पुन्हा तापला पाहिजे. ही मेहनत टाळली तर खत होतं, पण तणाच्या बियांसकट होतं.

नाक आणि डोळे उघडे ठेवले की ढीग स्वतः सांगतो काय बिघडलंय ते. डोळ्यांत झोंबणारा वास आला तर नत्र उडून चाललंय, त्यात कोरडं तणस किंवा माती मिसळा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी, लगेच उलथा. आत राखेसारखे पांढरट-करडे डाग दिसले तर ढीग जास्त तापून वाळलाय. लिदीत हे फार होतं, आणि लोक पांढरं बघून खत तयार झालं समजतात. तयार नाही, तहानलेलं आहे. पाणी देऊन पुन्हा रचा.

तणसाचा माल तीन-चार महिन्यांत होतो. काळपट तपकिरी रंग, पावसाच्या मातीचा वास, लिदीचा गोळा ओळखू न येणं, आणि उलथूनही परत न तापणं ही खूण. खात्री हवी असेल तर एका कुंडीत अर्धं खत आणि अर्धी माती घालून मूग किंवा हरभऱ्याचे दहा दाणे टाका. शेजारी नुसत्या मातीत दहा टाका. खताच्या कुंडीत उगवण मागे पडली किंवा पानं वाकडी-वळलेली आली तर खत अजून थांबवा. पानं वळली तर एक शंका आणखी घ्यायची, ती चाऱ्यावर मारलेल्या तणनाशकाची. काही तणनाशकं घोड्याच्या पोटातून आणि ढिगातूनही टिकून राहतात. ब्रिटनमध्ये २००८ साली अमिनोपायरॅलिड नावाच्या औषधाने असंच झालं. लीद-शेणखत घातलेल्या बागांत टोमॅटो, वाल आणि बटाटे वाकडे झाले आणि त्या औषधाची विक्री काही काळ थांबवावी लागली. चारा विकत आणत असाल तर त्यावर काय मारलं होतं हे विचारायला पैसे लागत नाहीत.

खिळा, धनुर्वात आणि ग्लँडर्स

आता ज्यासाठी हा लेख घाईने लिहायला घेतला ते.

घोड्याच्या आतड्यात धनुर्वाताचे जंतू सहज सापडतात, लिदीबरोबर बाहेर येतात. त्यांचे बीजाणू फार चिवट. ढिगाच्या ६० अंशांतही ते मरत नाहीत. म्हणजे उत्तम शिजलेल्या खतातही ते असू शकतात. जमिनीत तसेही असतातच, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही. धोका होतो तो खोल जखमेत, जिथे हवा पोहोचत नाही. आणि तबेल्याच्या कचऱ्यात काय असतं? नालाचे खिळे. नाल ठोकताना वाकडे झालेले, गळून पडलेले. ते झाडूबरोबर घमेल्यात आणि घमेल्यातून ढिगात जातात. ढिगातून बांधीत. आणि जुलैत चिखलात रोवणीला उतरलेल्या बाईच्या तळपायात. चिखलात रक्त दिसत नाही, बाई काम सोडत नाही, घरी येऊन हळद लावते.

म्हणून नाल ठोकायची जागा तबेल्यापासून वेगळी ठेवा आणि तिथला कचरा खतात टाकूच नका. ढीग रचताना आणि खत उचलताना दोरीला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बांधून मालातून फिरवा. भंगारवाल्याकडे दहा-वीस रुपयांत मिळतं. खत चाळून घ्या, वरातीच्या सामानातली जरी, टिकल्या आणि गुटख्याच्या पुड्याही त्यात निघतात. लीद हाताळणाऱ्याने हातमोजे आणि बूट घालावेत. खिळा लागलाच तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. आपण ज्याला टीटी म्हणतो ते इंजेक्शन आता टीडी नावाने मिळतं. घोडीलाही धनुर्वाताची लस द्यावी, सगळ्या जनावरांत या रोगाला घोडं फार लवकर बळी पडतं.

दुसरी गोष्ट ग्लँडर्स. घोडा, गाढव, खेचर यांचा हा रोग माणसालाही होतो. नाकातून घट्ट चिकट स्राव, अंगावर गाठी आणि त्या फुटून जखमा, ताप. असं काही दिसलं तर त्या तबेल्याची लीद, तणस, उरलेला चारा काहीही खतात घालायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, हलवायचंही नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. कायद्याने हा कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे, आणि असा माल जाळायचा की चुना टाकून खोल पुरायचा हे तेच सांगतील. घोडी लग्नासाठी सीमेच्या अलीकडे-पलीकडे फिरते, बाजारातून नवी येते, म्हणून दोन्ही बाजूंच्या लोकांनी याकडे लक्ष द्यावं.

जंताचं औषध दिल्यावरही आठवडा-दहा दिवसांची लीद गांडुळांच्या वाफ्यात टाकू नये, औषधाचा अंश गांडुळांना मारक ठरतो. ती साध्या ढिगात जाऊ द्या. गांडूळखताला लीद तशी छान, गांडुळं ती आवडीने खातात. पण आधी ढीग तापून थंड झालेला हवा. गरम लिदीत गांडुळं सोडली तर ती शिजतात.

कुठे घालायचं, कोणाला द्यायचं

धानाला एकरी चार-पाच टन शेणखत सांगतात. एका घोडीचं वर्षाचं खत अडीच-पावणेतीन टन. म्हणजे अर्धा-पाऊण एकर. पाच एकरांत ते विखरून टाकलं तर कुठे गेलं ते कळणारही नाही. त्यापेक्षा पऱ्ह्याच्या वाफ्यांत, भाजीच्या तुकड्यात, लिंबा-आंब्याच्या आळ्यात घालावं. पऱ्ह्यात घालायचं खत मात्र पूर्ण शिजलेलं आणि चाळलेलं हवं, नाहीतर धानाच्या रोपांबरोबर गवताचं पऱ्हं उगवतं. अमुक शेतात किती लागेल हे माती परीक्षणावरून ठरवलेलं चांगलं. इकडच्यांना बडगावचं आणि पलीकडच्यांना हिवऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

घोडीवाल्याकडे बहुतेक वेळा शेत नसतं किंवा थोडं असतं, आणि शेतकऱ्याकडे तणस असतं. दोघांचा व्यवहार पैशाविना होऊ शकतो : हंगामात शेतकऱ्याने तणसाच्या दोन-तीन बंड्या टाकायच्या, उन्हाळ्यात खताच्या दोन बंड्या उचलायच्या. उलथायची मजुरी कोणाची हे मात्र आधी बोलून घ्यावं, सगळी भांडणं तिथेच होतात. कच्चा माल ट्रॉलीच्या भावाने विकायचा झाला तर त्यात भुसा किती, तणस किती हे बघूनच भाव ठरवा. भुशाच्या ट्रॉलीला तणसाच्या ट्रॉलीचा भाव देऊ नये.

वेळेचं म्हणाल तर गणित सोयीचं आहे. धान कापून तणस मोकळं होतं त्याच सुमाराला, तुळशीच्या लग्नानंतर, घोडीचा हंगाम सुरू होतो. कार्तिकात साठवायला घेतलेला माल मार्गशीर्षात रचला तर फाल्गुनात तयार होतो. संक्रांतीला रचलेला ढीग अक्षय तृतीयेपर्यंत. होळीनंतर रचलेल्या ढिगाला पाणी जास्त लागतं, पण तोही आषाढातल्या रोवणीपर्यंत निघतो. पऱ्हे टाकण्याआधी खत हवं असेल तर मात्र संक्रांतीनंतर रचलेल्या मालाचा भरवसा धरू नका.